ओल्या पोत्याखालचा सांबार

मधू गेल्याची बातमी मला शेजारणीच्या नाकानं कळली. दुपारचे चार वाजले असतील. मी स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसले होते आणि माझा धाकटा भाऊ मधुकर माझ्यापासून दहा पावलांवर, पलीकडच्या खोलीत दार लोटून त्याच्या टेबलाशी काम करत होता. एवढ्यात भिंतीपलीकडची लक्ष्मी ओल्या हातांनी धावत आली. "अक्का, काहीतरी जळून राह्यलं ना तुमच्या घरात! तुमाले वास नाही आला?" मला वास येत नाही, पण तेव्हा तिचा समज होता की येतो. आम्ही दार ढकललं. मधूचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं, हातातून सुटलेलं सोल्डरिंग आयर्न लाकडात रुतून धुमसत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी थांबलं, आधी कळलं असतं तरी काही उपयोग नव्हता. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगत असतील... दीड महिना झाला, मी अजून त्या दहा पावलांचाच हिशेब लावते आहे.

मधू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून रट्टे देण्यापर्यंत सगळं मीच केलं. तेलंगणातल्या मुधोळजवळच्या आमच्या गावी बाबांचा भाजीचा मळा होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहाटे बाबा सांबार उपटायचे, आम्ही दोघं जुड्या बांधायचो आणि बाबा त्यांवर ओलं पोतं टाकून भैंसा गावच्या बाजाराला न्यायचे. बाबांच्या सदऱ्याला, हातांना, आम्हाला आणलेल्या शेवेच्या पुडीलाही तो वास असायचा. पुढे मी शिक्षिका झाले, लग्न झालं, नवरा गेला आणि निवृत्तीनंतर आदिलाबादला मधूकडे राहायला आले. त्यानं लग्न केलंच नाही. कूलर, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसे आणि उरलेलं वर्षभर तो लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू उघडून त्यांचं भलतंच काहीतरी बनवत बसे. "सरळ धंदा कर की रे," म्हणून मी डोकं खायची. तो हसायचा. माझं बोलणं त्यानं आयुष्यात कधी मनावर घेतलं नाही, एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट म्हणजे माझं नाक. तीन-चार वर्षांपूर्वीच्या तापात माझा वास गेला आणि परत आलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ओळखीचे वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत राहा, नाकाला सवय लागली तर लागेल. मी चार दिवस लवंग, लिंबाची साल हुंगली आणि पाचव्या दिवशी कंटाळले. पण त्याच आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसले आणि पातेलं काळं होईपर्यंत मला पत्ता लागला नाही. मधू घरी आला, गॅस बंद केला आणि म्हणाला, "अक्का, तुले आळस येते ना हुंगाचा? मग वासच तुयाकडे येईन असं करतो." मग विचारलं, "पह्यला कोणता पाह्यजे?" मी गमतीत म्हटलं, बाबांचा. त्यानं ते गमतीत घेतलं नाही.

डास पळवणारं, भिंतीच्या बोर्डात खोचायचं यंत्र प्रत्येक घरात असतं. बाटलीतली कांडी औषध वर ओढते, वरची कडी ती तापवते. मधूनं तेच खोललं. बाटलीत मोगऱ्याचं अत्तर घातलं आणि कांडी हवी म्हणाला, तर मी फणकाऱ्यानं म्हटलं, कापसाच्या मुलखात राहून वात विकत आणायची? देवापुढच्या निरांजनासाठी वळते तशी घट्ट वात मी वळून दिली. त्यालाही ते पटलं, कारण आम्ही दोघं त्याच आईची लेकरं. दोन तासांत वात करपली, प्लास्टिक वितळलं, आणि मी त्याच खोलीत यंत्राकडे पाठ करून स्वेटर विणत होते! अंगणातून मधू धावत आला, बटन बंद केलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुयाच नाकासाठी तुलेच जाळून टाकलं असतं ना मी," एवढंच म्हणाला.

मग वितळणारं प्लास्टिक नको म्हणून तो बसनं निर्मलला गेला, तिथल्या खेळणी बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून यंत्र आत मावेल असा हलक्या लाकडाचा पोकळ पोपट कोरून आणला. पोपट इतका देखणा की मी त्याला हळदकुंकू लावायचीच बाकी होते. पण यंत्र तापलं की त्याच्या रंगाचाच दर्प सुटायचा, म्हणे. मला काय कळणार! लक्ष्मी नाकाला पदर लावून सांगायची. मधू पुन्हा निर्मलला गेला, आतून कोरा पोपट करून घेऊन आला. अत्तरं, वाळा, कापूर, सगळं चाललं, पण सांबाराचं अत्तर कुठे मिळतं? त्यानं कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली आणि जुड्याच्या जुड्या शिजवून त्यांच्या वाफेचं पाणी धरलं. यंत्रात घातलं की त्या पाण्याला शिळ्या भाजीचा वास येई. एकदा पोस्टमन दारातूनच विचारून गेला, "अक्का, घरात उंदीर मेला काय?" मधू खो खो हसला. मीही हसले, पण मला आतून रडू येत होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसभर लोकांचे कूलर उचलून संध्याकाळी बहिणीसाठी कोथिंबीर शिजवत बसतो, आणि बहिणीला त्यातलं काहीच कळत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याला जिना चढताना धाप लागू लागली. गोळ्या सुरू झाल्या, पण काम थांबेना. एका संध्याकाळी त्यानं पोपट बोर्डात खोचला आणि समोर स्टूल टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसला. दर वेळी तो असाच बसायचा, दर वेळी मी मान हलवायची आणि दर वेळी तो "होईन, होईन" म्हणत उठायचा. त्या दिवशी उठताना त्यानं भिंतीला हात टेकला. मला ते पाहवेना. मी म्हटलं, "थांब रे... येऊन राह्यला. बाबांचा सदरा."

चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि हे एवढं मोठं खोटं सख्ख्या भावाशी बोलले. त्यानं एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "खरंच? बरं झालं माय." दुसऱ्या दिवशी पेढे आणले, लक्ष्मीला दिले. मला वाटलं, सुटला बिचारा, आता आराम करेल. पण त्यानं खोलीचं दार लोटून काम करायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणे, "गिऱ्हाईकाचं हाय." आणि एक नवीनच सवय लागली. जेवण झालं की पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात यायचा आणि रिकामा पेला हातात धरून गॅसपाशी उगाच उभा राहायचा. "बाहेर माठ भरलेला आहे ना, इथं काऊन कडमडतोस?" मी करवादायची.

तो गेल्यावर मला एकच गोष्ट कुरतडत होती. माझ्या खोट्यावर विसंबून तो दार लोटून बसला असेल, घरात आता नाक आहे म्हणून. त्या जळक्या टेबलावरची त्याची वही उघडायला मला महिना लागला. कुठलं पाणी, किती उष्णता, काय बिघडलं, असं सगळं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं. शुद्धलेखनासाठी मी त्याला किती मारलं होतं... पेढ्यांच्या आदल्या दिवसाच्या पानावर होतं : "आज बोर्डाचं बटनच चालू नव्हतं. अक्का म्हने आला वास. मी बोल्लो नाही. तिले माझी काळजी वाटून राह्यली. गॅस रोज आपनच पाहाचा." त्याखाली दोन रेघा ओढून : "सांबार तापला की मरते. बाबा ओलं पोतं टाकत. गरम नाही, गार पाह्यजे."

वही मिटून मी मोठमोठ्यानं रडले. त्याला सगळं ठाऊक होतं. माझं खोटं त्यानं पेढे वाटून साजरं केलं आणि रिकामा पेला घेऊन माझा गॅस राखत राहिला. मी मात्र त्याच्यावर करवादत राहिले.

टेबलाच्या कडेला तो पोपट होता. उघडून पाहिला. आत तापणारी कडी नव्हतीच. जुन्या कॉम्प्युटरमधला इवलासा पंखा, त्यापुढे पोत्याचा बोटभर तुकडा आणि खाली भरलेली बाटली, तिच्यावर त्याच्या अक्षरात 'सांबाराचा अर्क, न शिजवता'. कूलर दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावानं बोर्डात खोचायचा कूलरच केला होता. एक तार तेवढी सुटी होती. तीच जोडताना तो गेला असावा. गल्लीतल्या वायरमनकडून ती जोडून घेतली आणि काल संध्याकाळी, दिवा लावल्यावर, मी पोपट स्वयंपाकघरातल्या बोर्डात खोचला. बटन नीट दोनदा पाहिलं. बारीक घरघर सुरू झाली. तळहात पुढे धरला, गार झुळूक लागली. डोळे मिटून मी कितीतरी वेळ श्वास ओढला. काही नाही... काहीच नाही.

तेवढ्यात लक्ष्मी वाटी घेऊन मागच्या दारानं आत आली. "अक्का, सांबार आणला का मळ्यातून? केवढा ताजा वास सुटला! दोन काड्या द्या ना, वरणात टाकाले."

घरात सांबाराची एक काडी नव्हती.

मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिला स्टुलावर बसवलं, मधू बसायचा त्याच स्टुलावर. म्हटलं, "लक्ष्मी, बस जरा. कसा येऊन राह्यला वास, ते मले नीट सांग."