दोन खुंट्यांचं लंबवर्तुळ

ऑफिसात फायली साठतात, निवृत्तीनंतर किस्से. फरक एवढाच, की किस्से निकाली काढायला कोणाची सही लागत नाही!

मालवणात फर्नांडिस मास्तरांच्या पडवीत आमचा चौघांचा कट्टा. मास्तर गणिताचे, सुलभाताई पोस्टातल्या, भाऊ परब आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखालचा क्लार्क. सगळे निवृत्त. महिन्याभरात मास्तर मुलीकडे मस्कतला जाणार होते, कायमचे. एक खंत घेऊन.

"जन्मभर शंकुच्छेद शिकवले रे! वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त. पोरांनी पाठ केले. कळले कोणाक?"

"मास्तर, आमका शिकवा," भाऊ म्हणाले. झालं सुरू!

*

पहिल्या दिवशी उकडीच्या पिठाचा शंकू. मास्तरांनी दोऱ्याने आडवा कापला: वर्तुळ! तिरपा कापला: लंबवर्तुळ! आम्ही श्वास रोखून.

"भाऊ, काय दिसलं?"

"पीठ बरां आसा. पण सारण खंय?"

*

मग टॉर्च. दारं-खिडक्या लावून मास्तरांनी तो भिंतीला आडवा टेकवून धरला. उजेड भिंतीवर पसरत गेला, कुठे मिटेचना.

"हे अपास्त! कधीच बंद होत नाही!"

"आमच्या ऑफिसातल्या मीटिंगसारखा," भाऊ म्हणाले.

मास्तर आनंदाने उडालेच. मी मात्र त्या मीटिंगांचं इतिवृत्त लिहिलेला माणूस. मला नवल वाटलं नाही.

*

मी घरी पाइपातून पाणी उडवून बायकोला दाखवलं, "बघ, पाण्याची धार म्हणजे अन्वस्त!"

"दिसला. आता ता माडाच्या आळ्यात पडांदे."

*

फळीवर दोन खिळे. दोन्हींना बांधलेला सैल दोरा. दोऱ्यात पेन्सिल ताणून फिरवली, की लंबवर्तुळ! सुलभाताई ओरडल्याच, "गो बाय माझे, माका इलां!"

मास्तरांना जोर चढला. "आता एक खिळा लांब, लांब, अनंतावर न्या. दोराही तेवढाच वाढवा. लंबवर्तुळ एका बाजूने उघडतं, त्याचं अन्वस्त होतं!"

पेंगणाऱ्या भाऊंनी डोळे उघडले. "थंय रिक्षा जाता?"

मास्तरांनी फळी आत नेऊन ठेवली.

*

मास्तर निघायच्या आदल्या सकाळी भाऊंचा फोन. "सगळे माझ्या परड्यात येवा. आत्ताच्या आत्ता!"

भाऊंचं घरामागचं परडं लांबट, दोन्ही अंगांना शेजाऱ्याची मिरची. भाऊंची बकरी खुंट्याला बांधलेली असे. दोरी लांब केली की ती मिरची खाई, आखूड केली की टोकांचं गवत तसंच राही. शेजाऱ्याच्या शिव्या आख्ख्या वाडीला पाठ!

आज खुंटे दोन होते. दोन्हींना बांधलेली एकच सैल दोरी बकरीच्या गळ्यातल्या कडीतून ओवलेली. मधलं गवत लांबट, गोलसर आकारात साफ. मिरचीचं पानही हललेलं नाही.

मास्तर बघतच राहिले. "भाऊ, दोन खुंटे कित्याक?"

"एकावर वर्तुळ होता, मास्तर. वर्तुळात मिरची येता."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पण मास्तर तो मास्तरच! "बरं. आणि अन्वस्त होया तर?"

भाऊंनी एक खुंटा उपटला, माती झटकली आणि दोरी सोडून तो मास्तरांच्या हातात दिला.

"ह्यो घेवन जावा. मस्कत अनंताच्या जरा अलीकडे आसा, पण चलात."

मोकळी झालेली बकरी मिरचीत शिरली. कोणी तिला हाकललं नाही.