नळकाकांची काठी

ही गल्ली आवडली म्हणून मी इथे राहायला आले, असं कुणी समजू नये. हॉस्पिटलपासून चालत सात मिनिटं, एवढं एकच कारण. खोली पाहिली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध इतक्या झिजलेल्या की पाऊल आपोआप खळग्यात बसायचं. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माझी गादी मावली.

पहिल्याच आठवड्यात माझा तोरा उतरला. दारातून निघून साठ पावलांत वाचनालय, दवाखाना, बेकरी, चांभार, न्हावी, सगळं होतं. आणि चौकात दगडी नळ. त्याला पंप नाही. गावाबाहेरच्या झऱ्याचं पाणी तीनशे वर्षांपूर्वी पुरलेल्या भाजक्या मातीच्या पाइपांतून नुसत्या उताराने इथवर येतं. हे कळलं त्या दिवशी मी नळाखाली हात धरून वेड्यासारखी उभी राहिले होते.

या पाण्याचे राखणदार म्हणजे नळकाका. पाणीखात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. त्यांच्याकडे खांद्याइतकी उंच, टोकाला लोखंड बसवलेली काठी. कुठे गळती झाली की लोखंडी टोक फरसबंदीवर टेकवायचं, वरचं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे फुटलंय ते ऐकायचं.

काठी टेकली की अख्खी गल्ली थांबते. न्हाव्याची कात्री गिऱ्हाइकाच्या डोक्यावर अधांतरी राहते, चांभार हातोडी खाली ठेवतो, शाळेतून येणारी पोरं भिंतीला चिकटतात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी फोनवर बहिणीशी भांडत होते. न्हाव्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी भांडण अर्धवट टाकलं. एवढ्या माणसांची एवढी शांतता मी तोवर ऐकली नव्हती.

आता माझ्या कामाविषयी. मी हॉस्पिटलात कान तपासते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि सांगायचं, ऐकू आलं की बोट वर करा. मागच्या महिन्यात त्या खुर्चीत नळकाका येऊन बसले. काकूंनी ओढून आणलं होतं. मी बारीक आवाजापासून सुरुवात केली आणि वाढवत नेलं. त्यांचे हात मांडीवरच. शेवटी एकदा बोट वर झालं, तेही माझा चेहरा बघून दया आली म्हणून असावं. मी तपासणीचा कागद दाखवला. त्यांनी त्याची चौघडी केली, खिशात टाकली आणि म्हणाले, "पोरी, गल्लीत नको बोलूस."

मी ब्र काढला नाही. पण पुढच्याच आठवड्यात नळाची धार करंगळीएवढी झाली. पाणीखात्याचे इंजिनिअर मशीन घेऊन आले. गटारं, तारा, तळघरं यांच्या गुंत्यात मशीनने हात टेकले. इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. त्याने स्पष्ट सांगितलं की एवढी जुनी फरसबंदी सगळी उखडता येणार नाही, एकाच खड्ड्याची परवानगी आहे. तिथे गळती सापडली नाही तर जुनी लाईन कायमची बंद. काका म्हणाले, खड्डा कुठे ते मी दाखवतो.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काका, तुम्हाला ऐकू येत नाही. चुकलात तर नळ गेला."

माझे ओठ वाचून त्यांनी मान हलवली आणि ते खाली उतरले.

गुरुवारी सकाळी गल्ली थांबली. काका काठी कानाला लावून चौकातून निघाले. इंजिनिअरला सांगून टाकावं म्हणून मी दोनदा पुढे झाले, दोनदा मागे आले. मग वाचनालयापाशी काकांनी कानाची काठी खाली घेतली, तिचं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले. तसेच एकेक पाऊल पुढे. चांभाराच्या दुकानासमोर थांबले, चार पावलं पुढे गेले, परत आले. खडूने फुली मारली.

हातभर खणलं, कोरडं. दोन हात खणलं, कोरडं. इंजिनिअरने घड्याळ पाहिलं. काका खड्ड्याकडे बघतही नव्हते, ते चांभाराच्या फळीवरचे बूट निरखत होते. मग माती काळी पडली, आणि खड्ड्याच्या तळाशी नितळ पाणी चढू लागलं. पाइपला बोटभर चीर होती. हाडातून आवाज पोचतो हे मी पुस्तकात शिकले होते. दातांनी गल्ली ऐकणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मी न्हाव्याच्या बाकावर जाऊन बसले.

"कान जाऊन सात वर्षं झाली त्यांचे," न्हावी हळूच म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त आम्हाला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही."

मग गप्प कशासाठी बसता, असं मी विचारलं.

"गप्प नाही बसत, थांबतो. कुणाचं पाऊल पडलं की त्यांच्या दातांना कळतं."

दुरुस्ती झाल्यावर एका संध्याकाळी काकांनी मला चौकात थांबवलं. काठीचं टोक सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिलं. मी ते दातांत धरलं. कात्री थांबली, हातोडी थांबली. माझ्यासारख्या कालच्या भाडेकरणीसाठी गल्ली थांबली. आधी काहीच नाही. मग जबड्यात बारीक थरथर, आणि त्या थरथरीच्या आत सलग, न थकता वाहणारं पाणी, कुणी जन्मायच्या आधीपासून चाललेलं.

"ऐकू आलं?" काकांनी विचारलं. हा प्रश्न मी रोज तीस माणसांना विचारते. तोंडात काठी होती, बोलता येईना.

मी बोट वर केलं.