महालाच्या उंबरठ्यावर पोहे

गेल्या रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाता खाता आम्हाला राजमहाल सापडला! फेकत नाहीये हो... खरंच.

माझी मैत्रीण केतकी पुरातत्त्व खात्यात आहे. तिचे वडील अप्पा जन्मभर सांगत आले की इंदूरबाहेरच्या एका शेतात संस्थानचा महाल होता आणि त्यांचे आजोबा तिथे कारभारी होते. नातेवाइकांनी त्या थापेचं नावच ठेवलं होतं... ‘अप्पांचा महाल’.

शेवटी केतकीने त्याच शेतात उत्खनन लावलं. सोबत तिची चार-पाच जणांची टोळी, आणि मी सुट्टीच्या दिवशी हौसेने मदतीला. महिनाभरात निघालं काय, तर खापरं आणि विटांचे तुकडे! रविवारी परवानगी संपत होती, संध्याकाळी खड्डे बुजवायचे होते. त्यात अप्पा बघायला येणार... केतकीचा चेहरा पार उतरला होता.

पण आम्ही इंदूरचे. महाल मिळो न मिळो, नाश्ता चुकत नाही. जमिनीतून डोकावणाऱ्या एका सपाट दगडावर आमची ठरलेली बैठक असायची. तुकोगंजहून मी आणलेले पोहे, वर शेव, जिरावन मसाला...

त्या दिवशी माझ्या हातून जिलबी पडली. मुंग्या आल्या... पण अगदी सरळ रेषेत! दगडाच्या कडेने आल्या, काटकोनात वळल्या. केतकी भरल्या तोंडाने ओरडली, "अरे उठा, सब के सब उठा! ह्या सांध्यातून येतायत... खाली पक्कं बांधकाम आहे!"

माती झाडत गेलो तसा दगड लांबतच गेला. दोन्ही टोकांना दार फिरण्याच्या गोल खोबणी, पलीकडे फरसबंदी. उंबरठा होता तो! उंबरठ्यावर बसून खाऊ नये, हे लहानपणापासून ऐकत आलेले आम्ही महिनाभर नेमके तिथेच बसून हादडत होतो. हसून हसून पुरेवाट झाली.

दुपारी अप्पा आले. उंबरठ्याशी येऊन चपला काढल्या, वाकून उंबरठ्याला हात लावला आणि आम्हाला दटावलं, "बूट घालून कुठे घुसताय, भिया? राजाचं घर आहे हे!"

भिंती नाहीत, छप्पर नाही, चारी बाजूंना हरभरा... आणि आम्ही सगळे मुकाट्याने बूट काढून अप्पांच्या मागे.

आत गेल्यावर अप्पांनी केतकीचा हात धरला. "मी सांगत नव्हतो?" एवढंच म्हणाले... आणि लहान मुलासारखे हसले. ते हसू बघायला मी तिथे होते, देवाचे आभार.