साक्ष देण्याआधी ईटला

रविवारची साक्ष तुमची, असं पाळकांनी सांगितलं तेव्हा मी नेहमीसारखी मान हलवली. आमच्या पुण्याच्या मंडळीत देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उपासनेत उभं राहून सांगायचं असतं. मी सांगत आलोय : बढती, फ्लॅट, मुलीचं ॲडमिशन. आणि शेवटी, "अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांना प्रभूनं नऊ वर्षं सांभाळलं." लोक 'आमेन' म्हणायचे. कुणाच्या हातांनी सांभाळलं, हे मी कधीच सांगितलं नाही. वडील जाईपर्यंतच्या त्या नऊ वर्षांत मी आमच्या गावी, ईटला, चार वेळा गेलो होतो. या वेळी मात्र झोप लागेना. शुक्रवारी पहाटे एस.टी. धरली.

बार्शी मागं पडली तशी जमीन उघडी होत गेली. काळं रान, मध्येच ज्वारीचा हिरवा तुकडा, लांबवर बालाघाटाची बुटकी रांग. भूमच्या पुढं गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेला खव्याची भट्टी होती, कढईत दूध आटत होतं. भट्टीवाल्यानं न विचारताच कागदावर गरम खवा ठेवला.

"कुनाकडं म्हनायचं, पाव्हणं?"

"ईटला. शांतवन गुरुजींच्या घरी."

"लई चांगला मानूस. पोरीनं केलं बगा त्यांचं. पोरगा पुन्याला असतोय म्हनं, फिरकला न्हाय."

एरवी मी 'असं का' म्हणून विषय बदलला असता. "तो पोरगा मीच," म्हणालो.

त्याचं उलथणं थांबलं. "मग आनखी घ्या," तो म्हणाला. "लांबनं आलात."

त्याच विचारात पुढचा प्रवास झाला आणि धाकट्या बहिणीसाठी, सुमनसाठी, घेतलेली शाल गाडीतच राहिली, हे मला ईटला उतरून गाडी निघून गेल्यावर आठवलं.

सुमन घरी नव्हती. शेजारच्या कोंडाबाई मावशींकडं सापडली. वडिलांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून सात-आठ वेळा त्यांची कूस बदलावी लागे. एकट्या सुमनला ते झेपत नसे. दर वेळी मावशी हातातलं काम टाकून यायच्या. ना नात्याच्या, ना धर्माच्या. गेल्या वर्षी त्या पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवरच आहेत.

मी दारातच सुरू केलं, "सुमे, मला तुझी माफी..."

"आधी पाय धर. मावशीची कूस बदलायचीय."

मी धरले. मावशी कळवळल्या, मग हसल्या. "पुन्याचं मानूस हाय व्हय? पोतं उचलल्यावानी धरतंय."

"गुडघ्याखाली हात घाल, दादा. आन् कंबर माझ्याकडं लोट." दुसऱ्यांदा जमलं.

दुपारी येसराची आमटी (भाजल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आणि भाकरी सुमन वाढत असताना मी पुन्हा माफीचं काढलं. सुमननं ताटाकडं बघत ऐकून घेतलं.

"रातभर झोप लागत न्हाय म्हणून आलास. तुला हलकं व्हायचंय. ह्यातबी तूच हाईस, दादा."

आजवर ऐकलेलं एकही प्रवचन मला इतकं लागलं नव्हतं. देवाला मी बढती मागितली तशीच क्षमाही मागत होतो, माझ्यापुरती. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे वचन मला लहानपणापासून पाठ होतं. शेजारीण भिंतीपलीकडं कण्हत होती आणि तिला किती मुलं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

निघताना मावशींना म्हणालो, "रविवारी आमच्या देवळात तुमचं नाव घेणार आहे."

"माझं चालतंय का तिथं?"

"न चालून सांगतंय कुणाला?"

रविवारी उभा राहिलो. नऊ वर्षांत वडिलांकडं मी चारदाच गेलो, हे सांगितलं. माझी बहीण सुमन आणि कोंडाबाई मावशी, या दोघींच्या हातांनी प्रभूनं त्यांना सांभाळलं, हेही सांगितलं. 'आमेन' कुणी म्हणालं नाही. बाहेर एका वडीलधाऱ्यांनी बाजूला घेतलं. म्हणाले, देवानं क्षमा केली असताना घरातलं इथं कशाला? मी म्हणालो, त्या क्षमेखाली मी नऊ वर्षं लपलो, आता लपणार नाही. पाळक हळूच म्हणाले, "साक्ष देवाविषयी असावी."

"तीच दिली," मी म्हणालो.

सुमनचा फोन आलेला नाही. येईल असंही नाही. शुक्रवारची एस.टी. पहाटे सुटते. गुडघ्याखाली हात कसा घालायचा, ते आता मला येतं.