राखीव फौजी

झाशीला रजेवर आलो, तर लेक टीव्हीवर जपानी गेम खेळत बसलेली. त्यातल्या लढवय्यांना तिनं घरच्यांचीच नावं दिली होती. तिची आई तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे, तर आजी जखमा बऱ्या करणारी. माझं नाव कुठेच दिसेना. मी चिडलो. एवढी वर्षं फौजेत काढली आणि माझ्या वाट्याला साधा भालाही नाही?

“तुम्ही राखीव आहात, पापा. जे सोबत लढत नाहीत, त्यांची लेव्हल वाढत नाही. आत्ता पुढे आणलं, तर एका फटक्यात खलास!”

मग रजाभर तिनं मला गेममधल्या गावाबाहेरच्या दुबळ्या बेडकांशी लढवलं. निघताना मी बॅग उचलत विचारलं, “आता तरी घेशील पुढे?”

“अजून आजीच्याही मागे आहात, पापा. छुट्टी बढ़वा लो.”