वळवळणारं काहीही ओता!

जो जीव तुम्ही कधी नीट पाहिलाच नाही, त्याला मारायचा हुकूम तुम्ही कधी काढलाय का? मी काढलाय. छापून, घरोघरी वाटून.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा मोर्च्यांची पत्रकं आणायचे, त्यांवरूनच मी अक्षरं शिकले. माझा 'अ' अननसाचा नाही, अन्यायाचा. त्यामुळे जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत डेंग्यू आला तेव्हा मी थेट छापखाना गाठला. 'साचलेलं पाणी म्हणजे शत्रू! वळवळणारं काहीही दिसलं की ओता! दया नको!' गल्लीच्या तोंडाशी तुंबलेल्या नालीबद्दल मात्र एक ओळही नव्हती. ती कशी ओतायची, ते मला सुचलं नव्हतं.

शेजारच्या भाजीवाल्या काकूंनी पत्रक वाचलं. "ड्रम ओततो ना बाई. मंग तू भरून देशीन का?"

आणि माझ्याच खिडकीत काचेची टाकी होती. तिच्यात डॅफ्निया, म्हणजे पाण्यातल्या पिसवा. मोहरीएवढ्या, झिंग्याच्या नात्यातल्या, टुणटुण उड्या मारणाऱ्या. अमरावतीच्या दुकानातून बाटलीत घेऊन, दर्यापूरमार्गे एसटीत मांडीवर धरून मी त्या आणल्या होत्या. दुकानदार चाचा हसले होते. "बेटा, हे तं मासोयीचं खाणं हाय. खाणं घेऊन चालली अन् खाणारं कोनीच नाई?"

भिंगातून त्यांचं धडधडणारं हृदय दिसायचं, पाठीतली अंडी मोजता यायची. भाषण न देता इतका वेळ मी आजवर कुणासमोरच बसले नव्हते.

एका दुपारी घरी आले तर टाकी ओट्यावर पालथी, घासून लख्ख.

"आई! माझ्या पिसवा?"

"वळवळून रायल्या होत्या." आईनं दारामागं चिकटवलेल्या पत्रकाकडे बोट दाखवलं. "तूच तं लिवलं, दया नको म्हनून."

माझं लिखाण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अमलात आणलं होतं.

"नालीत ओतलं?"

"येडी का काय वं तू? चार दिवसानं नळ येते. नालीत कोनी पानी ओतते का? बकेटीत हाय, लादी पुसाले."

फिनाईल पडायचं तेवढं बाकी होतं. बकेट आम्ही उन्हात ओढली. मी पांढऱ्या वाटीनं पाणी काढत होते, आई चष्मा लावून बघत होती. एक जिवंत मादी सापडली तरी पुरे, त्यांना पिलांसाठी नर लागतोच असं नाही, मी सांगितलं.

"मंग तं लय सुखी असतीन," आई म्हणाली.

वाटीमागून वाटी रिकामीच. मग आईनंच माझा हात धरला. "थांब वं! हे पाय, उडी मारली!" तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि वाटी उन्हाकडे कलती केली. मग म्हणाली, "काळीज हाय हिले."

हे माझ्या पत्रकात कुठंच नव्हतं.

तेव्हा माझं पत्रक तुमच्या दारावर असेल, तर 'ओता'च्या आधी पेनानं 'पाहा' लिहा. कुंडीची ताटली असो की कूलर, पेलाभर पाणी उजेडात धरा. वर उलटी लटकलेली, पेला हलताच वळवळत तळाशी पळणारी दिसली, तर ती डासाची अळी. तिला खुशाल मारा. उड्या मारणारं कुणी दिसलं तर थांबा. आणि उरलेला राग घेऊन गल्लीच्या तोंडाशी या. नाली अजून तुंबलेलीच आहे. फावडं मी आणते.