आक्कांचा व्हिसा आणि रंकाळ्यावरचा बाक

रंकाळ्यावरच्या आमच्या बाकावर किस्से इतके साचलेत, की आता आम्हालाच बसायला जागा नाही! यंदाचे तर सगळे अमेरिकेचे. कारण एकच, आक्का.

आक्का चंदगडच्या. काजूची बाग एकट्या सांभाळतात. मुलगा डेन्व्हरला, सुनेचे दिवस भरत आलेले. व्हिसाच्या मुलाखतीत साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं, "अमेरिकेत काय बघणार?" आक्का म्हणाल्या, "काय बी न्हाय." पासपोर्ट लगेच हातात परत! ठेवून घेतला तर व्हिसा, परत दिला तर नकार.

दुसरी तारीख तीन आठवड्यांवर. तोवर आक्का कोल्हापुरात बहिणीकडे, आणि रोज संध्याकाळी आमच्या बाकावर. बाकानं ठरवलं, त्यांच्याकडून अमेरिका पाठ करून घ्यायची. शिकवणार मी. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. माझा स्वतःचा पासपोर्टसुद्धा नाही, ही गोष्ट वेगळी.

*

पहिला धडा डेन्व्हरचा. "हे शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर आहे."

आक्का ताडकन उठल्या. "म्हंजे बाळाला थंडी वाजणार की! सून टोपरं तरी घालती का न्हाय?"

"आक्का, बाळ अजून जन्माला यायचंय!"

त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही. आक्का बाकाभोवती फेऱ्या मारत राहिल्या.

*

डोंगरात कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यांवर आमचे टेलर हमीदभाई अडले. मी सांगितलं, मूळ बेत कंबरेपर्यंत कोरायचा होता, पण निधी संपला आणि काम तिथंच थांबलं.

"आन् गिऱ्हाईकानं तसंच घेतलं?" हमीदभाई उसळले. "माझ्याकडनं नुसती कॉलर कोण नेईल काय?"

*

न्यूयॉर्कच्या मधोमध आठशे एकरांहून मोठी बाग आहे, हे जयसिंगपूरच्या अप्पांना काही केल्या पटेना. अप्पा धान्याचे व्यापारी, पण जीव सगळा जमिनीत.

"शहराच्या मधोमध? आन् अजून प्लॉट पाडलं न्हाईत?"

"नाही."

"मग बिल्डर सगळे आपल्याकडंच ऱ्हायले म्हणा की!"

*

तारीख चार दिवसांवर आली तशी आक्कांची झोप उडाली, आणि खरं सांगतो, माझीही. दहावीच्या निकालालाही कधी एवढी धडधड झाली नव्हती. चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला माणूस अमेरिकन, हे सांगताना माझं लक्षच नव्हतं. आक्का मात्र भडकल्या.

"त्येला कुणी इचारलं काय, तिथं जाऊन काय बघणार म्हणून?"

*

मुलाखतीच्या दिवशी आक्कांचा फोन बंद. आम्ही तिघांनी रंकाळ्याला किती फेऱ्या घातल्या, देव जाणे! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुंबईच्या गाडीतून उतरून, पिशवीसकट थेट बाकावर आल्या.

"साहेबानं त्येच इचारलं. मी धडाधडा सांगितलं. डोंगरातली डोकी, बाग, चंद्र!"

"चंद्रसुद्धा?" मी कपाळाला हात लावला.

"व्हय. साहेब म्हणाला, एवढं सगळं फिरणार? मला खोटं बोलवंना. म्हटलं, न्हाय साहेब, हे आमच्या सरांस्नी बघायचं हाय. मला बाळाला न्हाऊ घालायचं हाय, आन् काजू पडायच्या आत माघारी यायचं हाय."

"आणि पासपोर्ट?"

आक्कांनी दोन्ही रिकामे हात पुढे केले. हमीदभाई ओरडलेच. अप्पांनी पिशवी उचलून घेतली. मी मटकन बाकावर बसलो.

"बसताय काय, सर!" आक्का म्हणाल्या. "साहेबानं इचारलंय, तुम्ही कवा येणार?"